समोरच्या घरातला खिळा

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, त्यातही जादाची. कुलपासोबत आम्ही दोघी जुळ्या जन्मलो. बहीण शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या कमरेला गेली आणि मी समोरच्या बिऱ्हाडातल्या खिळ्याला. आमच्या इमारतीची रीतच तशी: जादाची किल्ली शेजाऱ्याकडे. मी वर्षानुवर्षे नुसती लटकत राहिले, तरी सगळे मला भरवशाची म्हणत. काहीच न करता एवढा मान मिळवणारे बहुतेक जण खुर्चीत असतात. मी खिळ्यावर होते.

मग ते बिऱ्हाड मला काकूंना परत देऊन गेले आणि त्या जागी परगावचे घड्याळवाले राहायला आले. काकूंनी पहिल्याच दिवशी मला त्यांच्या हातावर ठेवले. संध्याकाळी ते मला रुमालात गुंडाळून परत घेऊन आले.

“किल्ली काय चावते का तुम्हाला?” काकू कडाडल्या.

“तसं नाही हो काकू. आमच्याकडे आपल्या माणसाला किल्ली देत नाहीत. उद्या साधी वाटी सापडली नाही, तरी पहिला संशय त्याच्यावर. मला आपलं मानता ना? मग नकोच.”

“आणि आमच्याकडे किल्ली परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं!”

दोघेही हट्टाला पेटले. सकाळी काकू मला नेऊन देत, संध्याकाळी ते परत आणत. इतका प्रवास मी जन्मात केला नव्हता. शेवटी काकूंनी मला रागाने खणात टाकले. तिथे तुटक्या बटणांच्या संगतीत मी गंजू लागले.

एके दुपारी काकू न्हाणीघरात घसरल्या. पाय हलेना. दार ओढले की आपोआप लागणारे आमचे कुलूप. दोन्ही किल्ल्या घरात आणि हाका मारणारीही घरातच! घड्याळवाले धावले. नाजूक काट्यांची सवय असलेल्या त्या माणसाने खांद्याने दार मोडले.

“चांगलं दार घालवलंत!” काकू कण्हत म्हणाल्या. “आता तरी घ्याल किल्ली?”

त्यांनी काकूंना उचलून खाटेवर बसवले. मग घरी जाऊन स्वतःची किल्ली आणली.

“घेतो. पण ही माझी तुमच्याकडे. काही हरवलं, तर संशय दोघांवर सारखाच.”

“चालेल,” काकू म्हणाल्या. “चौकशीला मिळून जाऊ.”

मित्रांनो, नव्या दाराला जुनेच कुलूप बसवले, म्हणून मी पुन्हा खिळ्यावर आहे. तुमच्या खणात एखादी किल्ली गंजत असेल, तर तिला तेलाचा थेंब द्या आणि शेजारी नेऊन द्या. ती परत आली, तर रागावण्याआधी का आली ते विचारा. मी मात्र ठरवले आहे: आता इथून हलायचे नाही.