उजळ प्रोफाइल

प्रिंटरमध्ये कागद बदलला की रंगाचं प्रोफाइलही बदलावं लागतं. नाहीतर स्क्रीनवरचा माणूस कागदावर भलताच उतरतो. चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी लोकांचे फोटो छापून देता देता मी हे खटपट करून शिकलो. मग अंगात जरा जास्तच शहाणपण आलं आणि मी स्वतःचं एक प्रोफाइल तयार केलं. नाव ठेवलं 'उजळ'; त्यात सावळा चेहराही गोरा उतरायचा. लग्नाच्या बायोडाट्यांसाठी. मुलींचे बाप खूश, मीही खूश.

आमच्या गल्लीतल्या चतुराबाईंचे यजमान देवमनजी वारले. चाळीस वर्षं त्यांनी रस्त्यांवर डांबर टाकलं होतं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजली कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी बाई मोठा फोटो करून घ्यायला आल्या. स्क्रीनवर तो काळाभोर चेहरा दिसला आणि मी काही न विचारता 'उजळ' निवडलं. वर मनात म्हणालो, तेवढंच आपल्याकडून!

"सर, हे कोन व्हय?" छापलेला फोटो हातात धरून त्यांनी विचारलं.

"देवमनजीच की."

"नाई जी. डोये त्यायचेच हायेत, पन आमच्या प्रीतमचे बाबा असे नव्हते. उद्या मी मेनबत्ती कोनासमोर लावू?"

माझी कानशिलं तापली. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, दिसतं तसं काढा. आणि मेलेल्या माणसाचा रंग मात्र मी परस्पर बदलून मोकळा झालो. कागदाचं मूळ प्रोफाइल लावलं आणि फोटो पुन्हा छापला. बाईंनी त्या गालावरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हे आले पाहा."

तेव्हा तरी खरं बोलायचं. पण मी म्हणालो, "मघाशी प्रिंटर बिघडला होता."

"मंग तुमी कायले तोंड पाडता? मशीनले काय समजते मानूस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून पुढच्या रांगेत बसवलं. आल्यागेल्याला सांगत होत्या, "मशीन बिघडली, तरी सरायनं दोनदा मेहनत घेतली. म्हनून हे असे दिसून राह्यले."

लोक माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. माझी फोटोकडे मान वर करायची हिंमत होईना.