पोतेरावची गिरकी

दात तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा होता, आणि वाकडा नव्हता, हीच त्याच्याबद्दलची तक्रार होती. कवळीतून सोडवून काढलेला तो दात त्याने चिमट्यात धरला आणि खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला — कड नितळ, रंग पट्टीवरच्या तिसऱ्या छटेशी तंतोतंत जुळणारा, मुळापाशी किंचित पिवळट, बासष्ट वर्षांच्या माणसाला शोभेल इतपतच — आणि तरीही कवळी परत आली होती, सोबत दंतवैद्याची चिठ्ठी घेऊन: ‘पेशंट म्हणतात, दात चांगले आहेत, पण माझे नाहीत. वरचा डावीकडचा दुसरा शेजारच्यावर चढलेला होता. तसाच हवा.’

तसाच हवा... नऊ वर्षं तो या दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या तोंडात सरळ रांगा लावत आला होता, आणि सरळपणाबद्दल कवळी परत येण्याची ही पहिलीच वेळ.

“वाकडा लावायला काय कष्ट आहेत रे?” शेजारच्या टेबलावरून मेणकामाच्या बाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे सहा जबडे आ वासून बसले होते. “समोर आरसा ठेव आणि स्वतःच्या तोंडाकडे बघत बघत लाव. आपोआप जमेल.”

तो हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं, आणि तेवढ्यात फोन थरथरला. आईचा मेसेज. त्यात ना मजकूर, ना ख्यालीखुशाली, फक्त आकडा. ९९.

चिमट्यातून दात निसटून प्लास्टरच्या भुकटीत पडला.

दहा महिन्यांपूर्वी हा आकडा एक्केचाळीस होता. आकडा पोतेरावच्या लेव्हलचा. पोतेराव म्हणजे एका गेममधला प्राणी — हातात धरायच्या त्या छोट्या यंत्रावरचा खेळ, ज्यात माळावर, गुहेत, तळ्याकाठी भटकायचं, भेटतील ते विचित्र जीव पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या जीवांशी लढवायचे. ताईला खेळाच्या पहिल्याच गवतात हा भेटला होता. दिसायला धान्याचं पोतं, दोन डोळे, हात असून नसल्यासारखे. लोक असल्यांना पकडतसुद्धा नाहीत. ताईने पकडलं, नाव ठेवलं आणि वर ‘राव’ लावून मानही दिला. तिच्या चमूत आणखी कोण होतं? कायम किंचाळणारा एक पक्षी, त्याचं नाव शेजारीण. खूप खाऊन काही न करणारा एक हिरवा बेडूक, त्याचं नाव जावई. ताईचं लग्न झालेलं नव्हतं, तरी घरात जावई होता, आणि आई कधीमधी त्याची चौकशीही करायची.

आणि शेजारच्या खुर्चीवर मी... म्हणजे तो. त्याच्याकडे तोच खेळ होता, पण तोच नव्हता. त्याच्या लेखी हा खेळ माळावरचा नव्हताच, तो आकड्यांचा होता. प्रत्येक प्राणी जन्मताना सहा लपलेले आकडे घेऊन येतो. ते सहाही पूर्ण हवे असतील तर अंडी उबवत बसायचं, एकामागून एक, निघालेलं पिल्लू तपासायचं आणि एक आकडा जरी कमी असला तरी सोडून द्यायचं. त्याच्या सर्वांत भारी प्राण्याला नाव नव्हतं, तीनशे सतरा हा क्रमांक होता, कारण तो तीनशे सतराव्या अंड्यातून निघाला होता.

“आणि आधीचे तीनशे सोळा?” ताईने एकदा विचारलं होतं.

“सोडले.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? सोडले.”

ताईने थोडा वेळ विचार केला. “जेवले असतील का रे?”

एकदा तर तो जगाच्या यादीत चारशे अकरावा आला होता. धावत जाऊन तिला सांगितलं, तर ती पोतेरावला तळ्याकाठी उभा करून नुसतीच बसली होती. “अरे वा मास्तर,” ती म्हणाली — खेळ कसा खेळावा हे शिकवत फिरतो म्हणून तिने त्याचं हे नाव ठेवलं होतं — “म्हणजे जगात चारशे दहा माणसं तुझ्यापेक्षा रिकामटेकडी आहेत.”

भुकटीतून दात सापडला. त्याने तो ब्रशने झाडला, गुलाबी मेणात उभा केला आणि किंचित, अगदी केसभर, आत झुकवला. वाकडा दिसेना. चुकल्यासारखा दिसत होता. वाकडं आणि चुकलेलं यांत फरक असतो हे त्याला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं... किंवा सांगितलं होतं, ताईने, रोज, शेजारच्या खुर्चीवरून, आणि तो आपल्या पडद्यात डोकं घालून बसला होता.

गिरकी. पोतेरावच्या चार डावांपैकी एक. प्राण्याला एका वेळी चारच डाव येतात, पाचवा शिकवायचा तर एक विसरावा लागतो. बाकीच्या तीन डावांनी निदान समोरच्याला खरचटायचं तरी. गिरकीने काहीच व्हायचं नाही. पोतेराव स्वतःभोवती एकदा फिरायचा आणि खाली अक्षरं उमटायची की काही परिणाम झाला नाही. ताई हरायला लागली की हमखास गिरकीच लावायची. शेवटचा श्वास उरलाय, समोर ज्वाळा ओकणारं धूड उभंय, आणि हिचा पोतेराव गिरकी घेतोय. मग नाकातून यायचं ते तिचं हसू. मग हार.

खेळातल्या एका उस्तादाने तिला अकरा वेळा हरवलं होतं. अकरावी हार हॉस्पिटलच्या पलंगावर झाली. त्या आठवड्यात रिपोर्टांवरचे आकडे रोज खाली येत होते, आणि त्याला ते पाठ होते, कुठला किती असायला हवा आणि किती आहे. डॉक्टरांना तो दारात गाठून विचारायचा, हा वाढवता येईल का, तो वाढवता येईल का. डॉक्टर खांद्यावर हात ठेवायचे आणि पुढे जायचे. तेव्हा तो ताईला म्हणाला, तुझा गेम दे दोन दिवस, नीट करून आणतो. तिने दिला. तिने मागितलं काहीच नव्हतं, हे त्याला फार उशिरा आठवलं.

दोन दिवसांत त्याने पोतेरावचा पैलवान केला. कुणाशी लढवलं की कुठला आकडा वाढतो हे त्याच्या बोटांना माहीत होतं. शेवटी एक जबरदस्त ठोसा शिकवायचा राहिला, त्यासाठी जागा हवी होती. पडद्याने विचारलं, गिरकी विसरायची? नक्की? त्याने बटण दाबलं, लिफ्टचं दाबावं तसं. गिरकी पोतेरावला जन्मतः येते; एकदा विसरला की त्या अख्ख्या खेळात ती परत शिकवणारा कुणीही नाही. हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असण्यात तर तो चारशे अकरावा होता.

ताई पहिल्याच फटक्यात जिंकली. उस्ताद आडवा. “वा मास्तर,” ती म्हणाली. मग यंत्र मिटून उशाशी ठेवलं आणि पाणी मागितलं. परत काही तिने ते हातात घेतलेलं त्याने पाहिलं नाही, आणि त्यानंतरचे दिवस तरी किती होते... अकराच.

*दात चांगले आहेत, पण माझे नाहीत.* ताई असं काही म्हणाली नाही.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी आईने ते यंत्र कपाटातून काढलं. आई पूर्वी कचेरीत टायपिस्ट होती, बटणांकडे न बघता बटणं दाबायची तिला तीस वर्षांची सवय. तिने फक्त एक विचारलं. “तो गोल फिरायचा बघ, ते कुठे असतं?”

आणि तो म्हणाला, “लेव्हल वाढली की येतं.”

असं का म्हणाला? तेव्हा पोतेराव एक्केचाळिसावर होता, शंभर ही शेवटची पायरी, आणि एक्केचाळिसावरून शंभर इतकं लांब वाटलं होतं की तिथे पोचेपर्यंत एखादं खोटं आपोआप विरघळून जाईल. आईने मान डोलावली आणि पहिल्याच गवतात उभी राहून अळ्या मारायला लागली. बोटाएवढ्या अळ्या. अशाने लेव्हल वाढायला युगं लागतात. झटपट वाढवायच्या एकोणीस युक्त्या त्याला येत होत्या, त्यातली एकही त्याने सांगितली नाही. रोज संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचा, “आज किती?” आई सांगायची, “बावन्न. एका अळीने फार छळलं आज.” सदुसष्ट. ऐंशी. शंभर रोज जवळ येत होतं, आणि तरी रोज विचारल्याशिवाय घास उतरत नव्हता. जन्मभर ज्याने मजेखातर भटकणाऱ्यांची कीव केली त्याने आपल्या आईला आकड्याच्या मागे लावलं होतं, आणि तोही अशा आकड्याच्या, की ज्याच्या पलीकडे काहीच ठेवलेलं नव्हतं.

पाचला त्याने कवळी तशीच ठेवली. दात अजून चुकल्यासारखाच दिसत होता. “उद्या कर,” मेणाच्या बाई म्हणाल्या, “वाकडेपणा पळून जात नाही.”

रस्ताभर तो वाक्यं रचत होता. आई, एक सांगायचंय. आई, झालं असं की. आई, त्या खेळात एक अडचण असते... प्रत्येक वाक्य सरळ होतं, घासलेलं, आणि कुणाच्याच तोंडात बसणारं नव्हतं.

आई खिडकीपाशी बसली होती, चष्मा कपाळावर, यंत्र मांडीवर मिटलेलं. त्याने चपला काढल्या. हात धुतले, नखांतलं प्लास्टर काढलं, मग पुन्हा धुतले.

“विचारत नाहीस?” आई म्हणाली.

“काय?”

“रोज विचारतोस ते.”

“तू कळवलंस की. नव्व्याण्णव.”

“दुपारीच झाला. मग शंभरासाठीही बऱ्याच मारल्या. आता खाली ती पट्टी असते ना, तिच्यात एवढंसंच उरलंय. एक अळी मारली की झालं. म्हणून ठेवून दिला.” तिने यंत्रावरची नसलेली धूळ पुसली. “शंभराच्या पुढे असतं काही?”

“नाही.”

“मग उद्यापासून तू मला काय विचारशील?”

तो खाली बसला, समोरच्या स्टुलावर, जिथे सहसा वर्तमानपत्रं असतात. वर्तमानपत्रांवरच बसला.

“आई, ती गिरकी—”

“येणार नाही. माहीत आहे मला.” आईचा आवाज टायपिस्टचा होता, एका पट्टीतला. “तिनेच सांगितलं होतं, त्याच दिवशी. म्हणाली, मास्तरांनी पोतेरावला कामाला लावलं. म्हणाली, त्याला काही बोलू नकोस गं, त्याला फार आनंद झालाय.”

अठ्ठावन्न पायऱ्या, दहा महिने, हजारो अळ्या. डोक्याने सवयीने गणित मांडलं आणि ते तसंच उभं राहिलं. मग तू हे सगळं कशाला, असं त्याला विचारायचं होतं. पण ते तिने आधीच सांगून टाकलं होतं, ‘उद्यापासून तू मला काय विचारशील’ या प्रश्नातच. ताई गेल्यापासून तो या घरात दुसरं काय बोलला होता?

“पण मला एक सांग,” आई जरा पुढे झुकली. “ती मला दाखवायला यायची तेव्हा नेमका चष्मा नसायचा. मला नुसतं काहीतरी गोल दिसायचं, मी म्हणायची, छान आहे. तू तर तिच्या शेजारी असायचास. कशी घ्यायचा तो गिरकी? डावीकडून की उजवीकडून?”

त्याने डोळे मिटले. पोतेरावचं वजन त्याला माहीत होतं. सहाही आकडे माहीत होते, सहाही सुमार. कुठल्या ठोशाने तो किती खचतो हे दशांशापर्यंत माहीत होतं. गिरकी... गिरकीच्या जागी फक्त ताईचं हसू होतं, नाकातून आलेलं, बाजूने, कानावर पडलेलं.

“मी पाहिली नाही,” तो म्हणाला.

“कधीच?”

“खेळात हालचाल बंद करता येते. लढाया लवकर उरकतात. माझ्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून बंद होती. तिचं आणलं तेव्हा त्यावरही आधी तीच बंद केली.”

“म्हणून सगळे नुसते उभे असतात होय,” आई म्हणाली. “मला वाटलं, स्वभावानेच गंभीर आहेत.” मग, “किती वेळ वाचायचा?”

“गिरकीचे चार सेकंद.”

आईने यंत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने ते उघडलं, कोपऱ्यातल्या यादीत जाऊन हालचाल चालू केली, आणि पोतेरावला गवतात एक पाऊल पुढे नेलं. अळी आली. वळवळत आली, आईने चष्मा नाकावर ओढला. पट्टीत खरंच एवढंसंच उरलं होतं. खाली चार डाव वाट पाहत होते, त्यातला एक त्याने निवडायचा होता, आणि त्याचा अंगठा बटणावर तसाच राहिला, कारण पोतेराव श्वास घेत होता.

हे त्याला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला हे माहीत नव्हतं की काहीही न करता उभे असले की ते श्वास घेतात. हॉस्पिटलमध्येही तो पलंगाशेजारच्या यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत बसायचा. पलंगाकडे आई बघायची. पोतं फुगत होतं आणि बसत होतं, घाई नसल्यासारखं, आणि फुगताना आधी डावी बाजू वर यायची, मग उजवी, अगदी केसभर मागून.

“डावीकडून फिरत असेल,” आई म्हणाली.

“असेल.”

अळी थांबली होती. आई थांबली होती. मी अंगठा उचलला नाही, दाबलाही नाही... डावी, मग उजवी, मग पुन्हा डावी. आणि त्याच्या आत कुठेतरी, जिथे दहा महिने फक्त आकडे सरळ रांगेत उभे होते, तिथे एक आकडा शेजारच्यावर चढला, आणि त्याला तो नीट करावासा वाटेना.