शेठजींचा जुना कूलर

बंडोपंतांचा उजवा पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि माजघरातून गंगूअक्कांची शिंक आली.

बंडोपंतांनी पाय आत घेतला. खाली बसले, पाणी प्याले, पुन्हा उठले. पुन्हा शिंक.

"अक्का, आज हळदीचा लिलाव आहे! शेठजी वाट पाहून राहिले!"

"मी काय मुद्दाम करून राहिले का रे?" अक्का नाक पुसत म्हणाल्या. "जा की. शिंक माझी, पाय तुझे."

पण बंडोपंत शिंकेवर घराबाहेर पडणाऱ्यांतले नव्हते. वसमतला हळदीच्या अडतीवर ते मुनीम. शेठजींनी दुकानात नवा कूलर बसवला आणि जुना मुनिमांना दिला, तेव्हापासून हे सुरू होतं. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं कूलर नव्हता. शेजारणी गहू निवडायला त्याच्यापुढं येऊन बसत. त्यांना गार वारा लागे, अक्कांना शिंका. इतरांचीही नाकं हुळहुळत, पण शेठजींच्या वाऱ्याला नाव कोण ठेवणार?

"एकदा धुऊन तरी बघू," वासंती नवऱ्याला म्हणे.

"मशिनीला पाणी लावतात काय?"

"त्याच्या पोटात रोज दोन घागरी मीच ओतते."

"ते आतलं. बाहेरून लावायचं न्हाई."

शेवटी अक्कांनी डोंगरकड्याला, चुलतभावाच्या गावी, जाऊन राहावं असं ठरलं. आईच्या माघारी बंडोपंतांना ज्यांनी वाढवलं, त्या विधवा बहिणीला 'हवापालट' एवढंच सांगितलं गेलं. परत कधी यायचं ते कुणी बोललं नाही. अक्कांनीही विचारलं नाही. दोन लुगडी बांधली, झालं.

येष्टीची वेळ झाली. अक्कांकडं बघायला नको म्हणून बंडोपंत कूलरपुढं तोंड करून उभे राहिले. अक्कांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला.

फाडकन शिंक आली. बंडोपंतांची.

वासंतीनं तत्परतेनं पाट मांडला. "बसा अक्का. पाणी प्या."

"काहून? येष्टी जाईल ना." अक्का दोन घोट पिऊन उठल्या. पुन्हा शिंक. मग लागोपाठ इतक्या, की बंडोपंतांची टोपी खाली पडली.

"आता ह्यांनाच डोंगरकड्याला धाडावं लागतं," वासंती गंभीरपणे म्हणाली.

अक्का हसायला लागल्या. हसता हसता त्यांचं हसू मोडलं, आणि त्या भिंतीकडं वळल्या. बंडोपंतांनी ते पाहिलं. तेवढ्यात येष्टी गेल्याचा आवाज आला.

बंडोपंतांनी धोतर खोचलं आणि कूलरची ताटी उपसली. आतल्या वाळ्याच्या गवतावर बुरशीचा काळा थर होता, आणि त्याच्याआड दुकानातल्या कैक हंगामांची हळद. अंगणात नेऊन पाणी ओतलं, तर पिवळा ओघळ थेट रस्त्यापर्यंत गेला.

"एवढ्या हळदीत एक लगीन उरकेल," वासंती म्हणाली.

 बंडोपंतांनी टाकी राखेनं घासली, बाजारातून नवा वाळा आणून ताट्या भरल्या. अडतीवर निरोप धाडला, मुनीम आज येणार न्हाईत.

पुढं एका दुपारी ते जेवायला घरी आले. कूलरपुढं अक्का गाढ झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून. वासंती तिथंच पान मांडायला निघाली, तशी त्यांनी खुणेनं थांबवलं आणि स्वयंपाकघरात पेटत्या चुलीशेजारी जाऊन बसले. घाम टिपत भाकरी मोडली.

"वरण वाढू का?"

"वाढ," ते कुजबुजले. "पळी आपटू नको."