पैसे परत मागणाऱ्यांची खुर्ची

मी डुगडुगणारी खुर्ची बोलतेय. बसताय का? बसा, पण बेतानं. उजवीकडे रेललात की मी मागे कलते आणि सावरून बसलात की पुढे. चुळबुळ हा आता माझा स्वभावच झालाय. पण मी जन्मानं अशी नव्हते हो!

ज्या सुतारानं मला घडवलं, तो मोठा चिकित्सक. पाय बसवून झाल्यावर त्यानं मला फरशीवर ठेवलं आणि चारही बाजूंनी हातानं दाबून पाहिलं. मी तसूभरही हलले नाही. "ही कुणाला दगा द्यायची नाही," असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. बिचाऱ्याचे शब्द पुढे कुणीतरी करवतीनं कापणार आहे, हे त्याला काय ठाऊक!

मला विकत घेतलं ते भाड्यानं गाड्या देणाऱ्या एका मालकानं. त्याची कचेरी तशी छोटीच. दारासमोर काउंटर, काउंटरमागे बुकिंग घेणाऱ्या ताई, बाजूला गुबगुबीत सोफा. गाडी ठरवायला येणाऱ्यानं सोफ्यावर बसायचं. त्याला थंड पाणी, पंख्याचा वारा आणि मालकाचं तोंडभर हसू मिळायचं. एकदा का आगाऊ पैसे भरले की गरज सरो नि वैद्य मरो!

ठरवलेली गाडी कुणी रद्द केली आणि पैसे मागायला आला, की त्याच्या वाट्याला मी यायचे. सुरुवातीला मी धडधाकट होते. एक आजोबा असेच आले, माझ्यावर निवांत बसले, पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं, घरून आणलेला डबा खाल्ला आणि शेवटी मालकाला कंटाळा आणून पैसे घेऊन गेले. ते गेल्यावर मालकानं शटर अर्धं खाली ओढलं, मला आडवं पाडलं आणि माझा मागचा उजवा पाय बोटभर कापला.

"बसलेला माणूस हटत नाही," तो ताईंना म्हणाला, "उभा माणूस लवकर जातो."

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. माणसं आधीच धास्तावलेली यायची. बसली की डुग. पायावर पाय टाकला की डुग. तावातावानं बोलायला पुढे झुकली की डुग, आणि बोलायचं तेच विसरायची. मग उठून उभी राहायची, घड्याळ बघायची आणि "येतो परत" म्हणून निघून जायची. बहुतेक जण परत यायचेच नाहीत. मला इतका संताप यायचा की वाटायचं, एकदा या मालकालाच माझ्यावर बसवावं. पण तो पक्का होता, कधी बसला नाही.

एक दिवस एक बाई आल्या. त्या पुस्तकं बांधायचं काम करायच्या. बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे, खांद्यावरच्या पिशवीत पुठ्ठ्याचे तुकडे. त्यांचे वडील हॉस्पिटलात होते. ते घरी यायचे होते, म्हणून बाईंनी झोपून जाता येईल अशी गाडी ठरवली होती, सगळं भाडं आधीच भरलं होतं. पण वडिलांना ताप भरला, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं आणि बाईंनी आदल्या दिवशी सकाळीच फोन करून गाडी रद्द केली. आता ताप उतरला होता. डॉक्टर 'न्या' म्हणत होते, पण दुसऱ्या गाडीला द्यायला बाईंकडे पैसेच नव्हते. होते ते सगळे इथे अडकलेले.

"बाई, एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत. नियम आहे आमचा," मालक म्हणाला.

"हा नियम पैसे घेताना का नाही सांगितलात?"

"सगळ्यांना माहीत असतं ते."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून वडिलांचा आवाज एवढा खणखणीत, की कचेरीभर ऐकू आला. "अगं, मी कपडे घालून बसलोय! गाडी निघाली का?"

"निघतेय, बाबा," बाई म्हणाल्या. फोन बंद करताना त्या जरा पुढे झुकल्या आणि नेमकी त्याच वेळी मी डुगले.

बाई उठल्या. झालं, जाणार या पण, असं मला वाटलं. पण त्यांनी मला उचललं आणि भर कचेरीत उलटं केलं! कापलेल्या पायावरून त्यांनी बोट फिरवलं.

"हा पाय झिजलेला नाही," त्या म्हणाल्या, "कापलाय."

"खुर्ची बघायला आलात की काय?" मालक खेकसला. काउंटरवर चाललेली ताईंच्या पेनाची टकटक थांबली.

बाईंनी मला पुन्हा सरळ उभं केलं. पिशवीतून पुठ्ठा काढला, घडी घातली, पायाखाली सारून पाहिलं, आणखी एक घडी वाढवली. मग नीट टेकून बसल्या. मी हलले नाही! कितीतरी काळानं माझे चारही पाय जमिनीला टेकले. मला रडू येतं की हसू, तेच कळेना.

इतक्यात एक जोडपं गाडी ठरवायला आलं. सोफा, पाणी, पंखा, हसू, सगळं यथासांग झालं. नवऱ्यानं खिशात हात घातला, तशा बाई गोड आवाजात म्हणाल्या, "गाड्या छान आहेत हो यांच्या. फक्त रद्द करावी लागली तर पैसे कधी देतात, तेवढं आधी विचारून ठेवा."

खिशातला हात खिशातच राहिला. "हो की. कधी देता तुम्ही?"

"लगेच! लगेच देतो ना!" मालक घाईघाईनं म्हणाला.

"मग माझेही द्या," बाई म्हणाल्या.

मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "यांची गोष्ट वेगळी. यांच्यापायी गाडी दिवसभर दारात उभी राहिली. नुकसान माझं झालंय! सांग गं यांना," तो ताईंकडे वळला.

ताईंनी एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा बाईंच्या हातातल्या फोनकडे. "नाही साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "ती गाडी त्या दिवशी दुसऱ्या पार्टीनं नेली. चावी मीच दिली होती."

"गाडी रिकामी राहिली असती, तर तुमचं नुकसान कापून घ्या म्हटलं असतं मी," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून घेतलंत. जी सेवा दिलीच नाही, तिचे पैसे ठेवून घेता येत नाहीत. ग्राहक तक्रार केंद्रात विचारूनच आलेय मी. तिथे लेखी देऊ, की इथेच मिटवता?"

जोडपं उठायला लागलं. मालकानं खण ओढला आणि पैसे काउंटरवर आपटले. "घ्या! आणि ती खुर्ची एवढी आवडली असेल, तर तीपण घेऊन जा!"

"बरं," बाई म्हणाल्या.

आणि खरंच मला उचललं की हो त्यांनी! मालकाचा आ वासलेलाच राहिला. दार ताईंनी उघडून धरलं. त्यांचं पुढे काय झालं, नोकरी राहिली की गेली, मला कळलं नाही. ती रुखरुख अजून जात नाही.

त्याच दुपारी बाईंनी दुसरीकडून गाडी आणली. मागे वडील झोपलेले आणि त्यांच्या उशाशी दोरीनं बांधलेली मी. गाड्यांच्या कचेरीत एवढं आयुष्य काढलं, पण गाडीत बसले ती त्या दिवशी पहिल्यांदा!

आता मी वडिलांच्या खोलीत, खिडकीपाशी असते. बाईंनी पायाला पुठ्ठ्याचे थर चिकटवून सुबक टाच करून दिली. वडील पहिल्यांदा बसले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस तो, त्याला असं गप्प बसणं कुठलं सोसायला!

"ही खुर्ची फार मुकाट आहे," ते कुरकुरले. लेक कामाला गेली, तशी त्यांनी काठीच्या टोकानं ठोकून ठोकून ती टाच पाडली. मग बसले आणि अंग हलवलं. डुग.

"हां! आता झालं इंजिन सुरू!"

बाई संध्याकाळी टाच पुन्हा बसवतात, रागावतात. सकाळी ती पुन्हा पलंगाखाली सापडते. माझी खोड काही गेली नाही. पण हल्ली मी डुगले की कुणी उठून जात नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. पैसे भरण्याआधी परतीचं विचारून घ्या. आणि हक्काचं मागायला गेलात नि डुगडुगणारी खुर्ची पुढे आली, तर उठू नका. आधी तिचा पाय बघा.

बरं, उठा आता. काठीचा आवाज येतोय. बाबांची गाडी सुटायची वेळ झाली.