चिंधीवरची टीप

"थांबा, आत्ता नका येऊ. माझं व्हायचंय," बायको म्हणाली.

क्रेनवाला अर्धीच दाढी करून बाहेर आला होता. दहा वाजता यार्डात फिटनेसची तपासणी होती आणि त्याला आरशासमोर उभं राहवत नव्हतं. शिलाई मशीनच्या फळीवर बीपी मोजायचं यंत्र घरघरत होतं. त्याचा पट्टा बायकोच्या दंडावर होता.

"हे काय? तुला कशाला लावलंय?"

"चिंधी हो. रोजच करते. तुम्ही आंघोळीत असता म्हणून दिसत नाही."

बायको लोकांचे कपडे शिवायची. गिऱ्हाइकाच्या कापडावर पहिली टीप मारायची नाही, हा तिचा नियम. आधी चिंधी घ्यायची, दोरा बसला का बघायचं, मग खरं कापड. बीपीचं यंत्र घरात आलं तेव्हा तिने त्यालाही तोच नियम लावला. पहिल्यांदा हवा भरताना पट्टा ताठ असतो, असं तिचं स्वतःचं शास्त्र होतं. नवऱ्याच्या दंडाला लावायच्या आधी ती तो आपल्या दंडावर सैल करून घ्यायची.

यंत्राची घरघर थांबली. क्रेनवाल्याने वाकून बघितलं. वर एकशे शहाऐंशी, खाली एकशे चौदा.

त्याने यंत्रावर टिचकी मारून पाहिली. बायकोची काळजी त्याला वाटली नाही, हे सांगायलाच हवं. यंत्र बिघडलंय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. म्हणजे महिनाभर त्याने आपले चांगले आकडे दाखवले ते सगळे खोटे. आज यार्डात पितळ उघडं पडणार.

गेल्या महिन्यात यार्डाच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, "महिनाभरात बीपी खाली आणा, नाहीतर तुम्हाला खाली आणावं लागेल." खाली म्हणजे साखळ्या अडकवणाऱ्यांच्या टोळीत. उभी हयात त्याने वर केबिनमध्ये काढली होती. तिथे त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर लोखंड हलायचं. खाली त्याला कोणी हिंग लावून विचारलं नसतं.

तेव्हापासून घर त्याच्या दंडाभोवती फिरत होतं. टीव्हीचा आवाज गेला. त्याच्या जेवणातलं मीठ गेलं. घरातलं खारट मात्र वाया घालवायचं नाही म्हणून बायकोने लोणच्याच्या बरण्या एकटीने संपवत आणल्या होत्या. त्याच्यासमोर कोणी कुरकुर करायची नाही, असा तिचा हुकूम होता. मुलीलासुद्धा तिने फोनवर दम भरला होता, "बाबांना फक्त चांगलं सांगायचं."

"माझं घे," तो खुर्चीत बसत म्हणाला. "लगेच घे."

"लगेच कसं? पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीला टेकवा. डॉक्टर काय म्हणाले होते?"

ती पाच मिनिटं त्याला जड गेली. तिने नेहमीसारखी कापडांची घडी करून त्याचा हात छातीच्या उंचीवर ठेवला, पट्टा बांधला, बटण दाबलं. यंत्राने हवा भरली, सोडली. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी.

"बघा," बायको खूश झाली. "झाले की पास. आता दाढी पुरी करा."

तो हलला नाही. "परत तुझं घे."

"माझं काय घ्यायचं? मला ब्लाउज द्यायचेत दुपारपर्यंत."

"बस म्हणतो ना."

त्याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं, तिचा हात घडीवर ठेवला. पट्टा कसा बांधायचा हे त्याला माहीत नव्हतं. महिनाभर नुसता दंड पुढे करण्यापलीकडे त्याने काही केलं नव्हतं. तिनेच दुसऱ्या हाताने दाखवलं. पुन्हा पाच मिनिटं दोघं गप्प बसले. आकडा आला, एकशे ब्याण्णव आणि एकशे सोळा.

यंत्र शाबूत होतं.

"रोज एवढं येतं तुझं?"

"काय माहीत. चिंधीवरची टीप कोण बघतं?"

"डोकंबिकं दुखतं का?"

तिने दंडावरचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "सकाळचं दुखतं. कालपासून सुईत दोरा ओवताना दोन सुया दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला सांगून तुमचं वाढवायचं का? तपासणी होऊ दे म्हटलं, मग बघू."

त्याने टॉवेलने तोंडावरचा फेस पुसला, शर्ट चढवला आणि तिच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या. ती म्हणत होती की मी एकटी जाईन, दवाखाना कोपऱ्यावर तर आहे, तुम्ही यार्डात जा. तो तिचा दंड धरून तिला जिना उतरवू लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला रांगेतून पुढे घेतलं, डोळ्यांत टॉर्च मारला, दोन्ही हात वर करायला लावले. मग त्यांनी क्रेनवाल्याला विचारलं, "किती दिवसांपासून आहे हे? झोप लागते का यांना? घरात कोणाला होतं का, आई, वडील?"

त्याला स्वतःचे महिनाभराचे आकडे तोंडपाठ होते. बायकोबद्दल त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या आईला होतं," बायकोच शेवटी म्हणाली, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगत होती. "त्यातच गेली."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी एक गोळी दिली. "मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल. गाडी बोलावते. तोवर इथे शांत बसा, मी परत मोजते."

क्रेनवाल्याचा फोन वाजला. यार्डाचा मुकादम होता.

"कुठे आहेस? डॉक्टर येऊन बसलेत. आज नाही आलास तर वरची खुर्ची दुसऱ्याला जाईल, मग माझ्याकडे रडू नकोस."

"द्या त्याला," क्रेनवाला म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे ना? बीपी वाढलं का तुझं?"

"माझं बरं आहे," तो म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "बोलू नकोस," तो म्हणाला. "पाय टेकव."

तिने पाय टेकवले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला. टेबलावर तिचा हात उताणा पडला होता, बोटं जराशी उघडी. त्या हातात आज काहीच नव्हतं, सुई नाही, कात्री नाही, त्याचं ताट नाही. इतक्या वर्षांत त्याने तो हात असा रिकामा कधी पाहिला नव्हता. त्याला तो धरावासा वाटला. पण मोजताना हात हलता कामा नये, हे त्याला ठाऊक होतं. तो तसाच शेजारी बसून राहिला.