आप्पाचा टाक

“थांबा, आधी त्यांना,” असं म्हणून आईनं आप्पापुढची भाकरी उचलली आणि देव्हाऱ्यात आप्पापुढेच ठेवली.

ताटावर बसलेला आप्पा माझा बाप. देव्हाऱ्यातलाही तोच. ताटावरचा कालच आला होता. देव्हाऱ्यातला तीन वर्षांपासून होता, त्यामुळं मान त्याचा.

घडलं ते असं. जर्मनच्या लढाईत खेचरं राखायला माझा बाप मायाप्पा बसऱ्याला गेला. बरोबर गावचा महिपती. महिपती एकटाच परतला, बापाचं घोंगडं घेऊन. “नदीच्या काठाला घोंगडं हुतं, आत मानूस न्हवता,” एवढाच त्याचा पुरावा. आम्हा धनगरांत गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात. सोनारानं बोटभर पत्र्यावर घोडा, तलवार आणि झुपकेदार मिशा ठोकल्या. आप्पाला मिशी नव्हती. घोड्याला तर तो भीत असे.

प्रत्यक्षात तो नुसता तापानं पडला होता. बरा झाल्यावर त्याला खेचरांबरोबर कराचीला उतरवलं. खेचरं मोजून घेतली. त्याला कुणी मोजलं नाही. मग तो तिथंच शेरडं राखत राहिला. आपण मेलोय हे त्याला कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळं घाई नव्हती. त्याच्यामागं आई गाव सोडून सोलापूरच्या गिरणीत कामाला लागली होती. बावीस साली विचारत विचारत तो आमच्या गिरणीच्या चाळीत आला. आई रडली, हसली, आणि तशीच पळत जाऊन दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या भरून आली. सूत गुंडाळायच्या खात्यात आज यंत्रांपेक्षा तिच्या बांगड्यांचाच आवाज होता.

जेवण झाल्यावर आप्पानं देव्हारा नीट पाहिला. “ह्यो मिशीवाला कोन?”

“तुमी.”

“आन त्येच्याजवळ ही?”

आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

“आय?”

“व्हय. तुमचं घोंगडं आलं, त्याच सुगीत गेल्या.”

आप्पानं म्हातारीचा टाक तळहातावर घेतला. “हिला पन मिशी न्हाई न्हवं काढली त्या सोनारानं?” असं त्यानं विचारलं आणि मग बराच वेळ तो रडला.

दुसऱ्या दिवशी भावकीतले वडीलधारे धुळाबा आले. रविवारी बिरोबाची जत्रा होती. “हे बग मायाप्पा,” ते म्हणाले, “टाक हाय तवर तू मेलेला. तळ्यात सोड, मग पंगतीला बस.”

कराचीत आप्पाला बायकोपोरांच्या खालोखाल आठवायची ती ही पंगत. आपल्या माणसांच्या मांडीला मांडी लावून गव्हाची खीर ओरपायची म्हणून तर तो एवढ्या लांबून आला होता. पण आई अडून बसली.

“न्हाई सोडायचा. तीन वर्सं रोज बोलत्येय मी त्येच्यासंगं. कंदी उलटून बोलला न्हाई.”

“आन मी काय उलटून बोलतो?”

“मग आता काय करतायसा?”

शनिवारी आईच विरघळली. “न्या. तुमच्याबगार पंगतीत माझ्या बी घशाखाली घास उतरायचा न्हाई.”

रविवारी दारात ढोल उभा राहिला. आप्पानं स्वतःला देव्हाऱ्यातून उचललं. तशी म्हातारी तोंडावर पडली.

त्यानं तिला उभं केलं. ती पडली. मी मागं सुपारी लावली, आईनं हळदीची डबी लावली. म्हातारी दोन्हींवरून घसरली. सोनारानं तिचा तळ तिरका कापला होता आणि इतकी वर्षं ती लेकाला टेकून उभी होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी धुळाबा आत आले. चाळीस वर्षं भावकीचे तंटे मिटवलेला माणूस. त्यांनी दोन्ही हातांनी प्रयत्न केला. ती त्यांच्यासमोरही पडली.

आप्पानं मिशीवाला जागेवर ठेवला, म्हातारीला टेकवलं. ती उभी राहिली.

“ऱ्हाऊ द्या, धुळाबा,” तो म्हणाला. “मी मेलेलाच बरा.”

जत्रेत तो पंगतीपासून लांब, बाभळीखाली एकटाच बसला. आमच्यात पहिलं पान गेलेल्यांचं. ते ठेवल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. धुळाबांनी ते पान वाढून घेतलं, देवळाकडं चालले, मध्येच थांबले, वळले आणि सरळ बाभळीखाली गेले.

“गेलेल्यांचं पान,” असं मोठ्यानं म्हणून त्यांनी ते आप्पापुढं ठेवलं.

गेलेल्यांचं झाल्याशिवाय जित्यांनी सुरुवात करायची नाही, म्हणून अडीचशे माणसं हात राखून बसली. आप्पा सावकाश जेवला.

“आनिक वाईच खीर,” तो म्हणाला.

“आवर की रं, मेल्या!” पंगतीतून महिपती ओरडला, आणि अख्खी पंगत हसली. आईच्या बांगड्या तर मला लांबून ऐकू आल्या.

तेव्हापासून दर जत्रेत पहिलं पान आप्पाचंच. मिशी त्यानं त्याच वर्षी राखली. रोज सकाळी टाक तो स्वतःच धुतो, आधी म्हातारी, मग आपण. धोतराच्या सोग्यानं दोघांना कोरडं करतो, तिला आपल्या खांद्याला नीट टेकवतो आणि भाकरी आधी देवांना दाखवून होईपर्यंत हात जोडून थांबतो.