कवटीफोडच्या भिंतीतला रिकामा खोका

दादाला तुम्ही ओळखलं कसं नाही?

हा प्रश्न मी जबड्याला विचारला, ठोक्याला विचारला, भावोजींना तर परतीच्या वाटेवर विचारतच होतो. कोणी उत्तर दिलं नाही. खोक्याला कोण उत्तर देतं म्हणा, त्यातून रिकाम्याला.

हो, मी एक रिकामा खोका बोलतोय. प्लायवूडचा, माणसाच्या छातीइतका उंच, बाहेरून काळा, पुढे काळं जाळीचं कापड. बघणाऱ्याला वाटतं, आत भलेमोठे स्पीकर असतील. आत थोडा भुसा आहे. माझं शिक्षण म्हणाल तर तेवढंच, त्यामुळे मला आडवळणाने बोलता येत नाही. माझा भाऊ गेलाय आणि मी संतापलोय.

संतापाचाच धंदा होता आमचा. 'कवटीफोड' हा थ्रॅश मेटल वाजवणारा बँड. थ्रॅश मेटल म्हणजे गिटार अशी वाजवायची, जणू कुत्रं मागे लागलंय. ड्रम असा बडवायचा, जणू ते पोचलंय. आणि त्यावर जग कसं संपणार ते घसा फोडून सांगायचं. शब्द जगाला कळत नाहीत, म्हणून ते अजून टिकून आहे.

जबडा गायचा आणि गिटार वाजवायचा. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. घरी आई त्याला सोन्या म्हणायची. ठोक्या हा त्याचा शाळेतला मित्र, ड्रमवर. आणि बास गिटारवर जबड्याच्या बहिणीचा नवरा. त्यामुळे सैतानाला आरोळी ठोकून झाली की जबडा मागे वळून अदबीने म्हणायचा, "भावोजी, जरा सरकता का? वायर पायात येतेय."

जबड्याचे वडील सुतार. सराव त्यांच्याच कारखान्यात चालायचा, काम बंद झाल्यावर. करवत कधी थांबली आणि गाणं कधी सुरू झालं, हे शेजाऱ्यांना बरेच दिवस कळलंच नाही. वडील म्हणायचे, "करवतीने निदान लाकूड तरी कापलं जातं."

तरी पहिला खोका त्यांनीच केला. चांगलं जाड लाकूड, चोख सांधे, आत चार दणकट स्पीकर. तो माझा दादा. जबड्याची गिटार दादातून बोलायची. पुढे जबड्याने कुठेतरी एका मोठ्या बँडचा फोटो पाहिला. मागे खोक्यांची भिंतच्या भिंत.

"बाबा, मला भिंत पाहिजे."

"भिंत गवंडी बांधतो."

"खोक्यांची हो! दहा-बारा तरी."

"आणि एवढे स्पीकर कुठून आणणार?"

"स्पीकर कशाला? नुसते खोके करा."

वडिलांनी कानावरची पेन्सिल काढली. असे आम्ही जन्माला आलो. काम एकटा दादा करायचा आणि छाती आम्ही सगळे फुगवायचो. मी सगळ्यात धाकटा.

कापड आईने शिवलं. या पोरांचा घोळ तिला ठाऊक होता. दादाच्या कापडाच्या कोपऱ्यात तिने लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. "हा खरा. लक्षात ठेवा, नाहीतर रिकाम्याला वायर लावून नाचत बसाल."

या दोऱ्यावर आमचा जीव टांगलेला होता, कारण कवटीफोडची एक रीत होती. शेवटच्या गाण्यात जबडा धावत जाऊन उजव्या टोकाच्या खोक्यात गिटार भोसकायचा आणि वर लाथ घालायचा. कापड फाटायचं, फळी फुटायची, लोक वेडे व्हायचे. उजव्या टोकाला नेहमी रिकामा खोका. माझे भाऊ असे एकेक करून गेले. वडील चुका ठोकून काहींना उभं करायचे, काही चुलीत जायचे.

माझा थरकाप व्हायचा. दादा म्हणायचा, "तू मला टेकून राहा. मी वाजलो की तूही थरथरतोस, लोकांना तू वाजतोयस असंच वाटतं." परत येताना गाडीत तो अजून गरम असायचा. मी त्याला चिकटून झोपायचो. याला माया म्हणत असतील तर मला ती मिळाली, आणि माझ्या आतल्या पोकळीत तेवढीच होती.

कवटीफोडचं नाव झालं. कॅसेट निघाली, कवटीचे शर्ट निघाले, केस खांद्याखाली गेले. मग जबडा प्रेमात पडला आणि त्याने एक संथ गाणं केलं.

ठोक्याने काठ्या खाली ठेवल्या. "आपण कवटी फोडायची की चोळायची?"

"गाण्यात भावना आहे रे."

"भावना होती म्हणून तर फोडत होतो!"

ठोक्या निघून गेला आणि त्याने 'खरी कवटीफोड' काढली. मग दोन कवटीफोड झाल्या आणि दोन्ही ऐकायला कोणी जाईना. जबडा फरशांच्या दुकानात लागला. केस कापायची वेळ आली नाही, ते आपणहून गेले. माझ्यात आई कांदे ठेवू लागली. दादावर प्लास्टिक टाकलेलं होतं. वास माझा यायचा, पण दादाने कधी नाक मुरडलं नाही.

खूप वर्षांनी जुन्या बँडांचा एक मेळावा ठरला आणि बोलावणं आलं. ठोक्या दारात उभा राहिला. दोघांनी एकमेकांची टक्कलं पाहिली आणि भांडण मिटलं. आमच्यावर नवा काळा रंग चढला. वडिलांनी नवे खोके करायला साफ नकार दिला, त्यामुळे उजव्या टोकाला कोण, हे उघड होतं.

"दादा, या वेळी माझी पाळी."

"बघू," दादा एवढंच म्हणाला.

मेळावा भर दुपारी होता. अंधाराचे राजे उन्हात घामाने निथळत होते. धुराचं यंत्र सोडलं तर कोणीतरी चहा टाकल्यासारखं वाटलं. फोटोवाला म्हणाला, "त्या कोपऱ्यात लाल काय दिसतंय?" ठोक्याने लगेच बुटाचं काळं पॉलिश आणून दोरा माखून टाकला. कवटी फोडणाऱ्यांना दोन लाल टाक्यांची लाज वाटली.

मग दादापर्यंत वायर पुरेना. भावोजींनी दादाला उचलून उजव्या टोकाला, गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राजवळ ठेवलं आणि मला मध्ये. जबड्याला सांगायला ते आत गेले. जबडा डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. कार्यक्रमाआधी तो असा 'अंधारात' जायचा आणि तेव्हा त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, हा नियम.

"अरे, ऐक जरा."

टॉवेलातून गुरगुर आली.

"बरं, नंतर सांगतो," भावोजी म्हणाले. जावईमाणूस, नियम मोडत नाही.

शेवटचं गाणं आलं. जबडा उजवीकडे धावला. भावोजी जिवाच्या आकांताने मान हलवू लागले. नाही, नाही, नाही! लोकांना वाटलं, काय रंगात आलाय माणूस. लोकही माना हलवू लागले. हजारभर माणसं नाही-नाही म्हणत होती आणि जबड्याने गिटार दादात भोसकली. वर लाथ घातली.

आवाज गेला.

जबडा गिटारवर हात मारत राहिला. तुणतुण, तुणतुण. ठोक्याचा ड्रम मात्र चालूच, तो कधीच कोणाचं ऐकत नव्हता. मग पोराला खांद्यावर घेतलेला एक टकला चाहता मंचावर चढला. त्याने माझं कापड ओढलं, आत डोकावला आणि ओरडला, "अरे, हे सगळे पोकळ आहेत!"

सगळं मैदान हसलं. माझ्या पायाशी दादा पडला होता, फाटलेल्या स्पीकरांसकट, अजून गरम. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

आता बँड संपला. दादाच्या फळ्या कारखान्याच्या कोपऱ्यात आहेत. माझं बुटांचं कपाट करायचं घरात चाललंय. खुशाल करा. पण दादाचं लाकूड चुलीत घालू नका. सांधे बघा त्याचे, अजून सुटलेले नाहीत. एवढंच मागणं आहे. आणि कवटीफोडसाठी मी शेवटचं काय केलं, ते सांगतो.

त्या दुपारी मंचामागच्या खोलीत जबडा भिंतीकडे तोंड करून बसला होता. सामान गाडीत भरायला बरोबर आलेल्या वडिलांनी मलाही तिथे आणलं होतं. बाहेर गाडीपर्यंत माणसांची रांग लागली होती, सगळी खिदळत.

"बाबा, ते हसतायत."

"मग? तू तर जग संपवणार होतास."

"रागावले असते तर गेलो असतो हो. हसतायत."

वडिलांनी खिशातून पेचकस काढला आणि माझी मागची फळी उघडली. "बस आत."

"मावेल का?" भावोजींनी विचारलं.

"पोट आत घेतलं तर."

कवटीफोडचा जबडा गुडघे हनुवटीला लावून माझ्यात शिरला. वडिलांनी फळी लावली. स्क्रू जुने, भोकं सैल झालेली. दोघांनी मला उचललं आणि गर्दीतून चालू लागले.

"हाही पोकळच का, काका?" कोणीतरी माझ्यावर टिचकी मारली.

"पोकळच," वडील म्हणाले.

आत तो तोंडात मूठ कोंबून हुंदके देत होता. माझ्या भावाला मारणारा माणूस माझ्या पोटात होता. एक स्क्रू निघून पडला. मी नुसतं अंग सैल सोडलं असतं, तर फळी उघडली असती आणि तो त्या सगळ्यांच्या पायांत सांडला असता. देवाशप्पथ सांगतो, मी सोडणारच होतो. मग त्याचं कपाळ माझ्या फळीला टेकलं आणि तो थरथरायला लागला. ती थरथर माझ्या सगळ्या अंगात गेली.

मी उरलेले स्क्रू आवळून धरले. गाडीचं दार लागेपर्यंत फळी सुटू दिली नाही.